पगारातून वाहन – लेखांक सहावा : मुदत सरल्यावर सायकल कोणाची?

मागील लेखांकात, कंपनीच्या मालकीची असून नोकराच्या दारात उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या मासिक वजावटीचा विचार आपण केला. त्या विवेचनात मुदतीच्या अखेरीस द्यावयाच्या रकमेचा उल्लेख ओझरताच येऊन गेला. तो विषय स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा आहे, आणि मोटारीपेक्षा सायकलीच्या उदाहरणाने तो अधिक स्वच्छ समजतो. कारण सायकलीचे आकडे लहान असल्यामुळे, वर्षभर थोडीथोडी साठलेली बचत अखेरच्या एका रकमेत कशी विरून जाते हे तेथे कोणालाही कागदावर मांडून पाहता येते.

आमच्या विठ्ठलवाडीस हा विषय परका नाही. कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या दरम्यान वसलेल्या या वस्तीतून कल्याणच्या रेल्वे शेडकडे, शहाडच्या रेयॉनच्या कारखान्याकडे, अंबरनाथच्या आयुधनिर्माणीकडे पाळीची वेळ साधून जाणाऱ्या कित्येक कामगारांची उमेद सायकलीवर सरली. आणि त्यांपैकी जे सरकारी नोकर होते त्यांना सायकल घेण्यासाठी रीतसर अर्ज केल्यावर खात्याकडून तसलमात मिळत असे. ती पगारातून हप्त्याहप्त्याने वसूल होई, पण सायकल मात्र दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून नोकराच्या मालकीची असे, आणि शेवटचा हप्ता फिटला की त्या व्यवहारात कोणाचे कोणाकडे काही निघत नसे. ही सोय आता इतिहासजमा झाली आहे. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीस अनुसरून २०१६ च्या ऑक्टोबरात बहुतेक बिनव्याजी अग्रिमे बंद केली, त्यांत सायकलीचे अग्रिमही गेले.

त्याच कामगारांची नातवंडे आज इंग्लंडात नोकरीस आहेत, आणि तेथील मालकाने देऊ केलेल्या ‘सायकल टू वर्क’ योजनेचे वर्णन त्यांच्याकडून जेव्हा फोनवर ऐकू येते, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्या माणसांना ती आपल्या जुन्या तसलमातीचीच सुधारलेली आवृत्ती वाटते. हा समज दुरुस्त करणे अगत्याचे आहे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद झाली की मालकाने नोकरास कामावर ये-जा करण्यासाठी सायकल वापरावयास दिली, तर त्या वापराचे मूल्य नोकराच्या उत्पन्नात धरू नये. व्यवहार असा चालतो, की मालक सायकल विकत घेतो अथवा भाड्याने घेतो, नोकर बारा किंवा अठरा महिने आपल्या करपूर्व वेतनातील ठरावीक भाग सोडून देतो, आणि त्या सोडलेल्या भागावर त्याला प्राप्तिकरही पडत नाही व राष्ट्रीय विम्याची वर्गणीही पडत नाही. येथवर सर्व सरळ आहे. पण त्या अवधीत सायकल नोकराची नसते. तो ती भाड्याने वापरीत असतो, आणि साऱ्या करसवलतीचा पाया हाच असल्यामुळे, ‘मुदत संपली की सायकल तुझी’ असे वचन मालकाने आरंभीच लेखी देऊन ठेवले, तर तो व्यवहार वापराचा न राहता विक्रीचा ठरतो आणि सवलत हातची जाते.

भाडे आणि खरेदी यांच्या सीमेवरचा हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांस नवा नव्हे. १८९५ साली हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका पियानोचे प्रकरण आले होते. पियानो छत्तीस मासिक हप्त्यांच्या कराराने दिलेला होता, वाटेल तेव्हा परत करण्याची मुभा घेणाऱ्यास होती, आणि त्याने तो मध्येच एका सावकाराकडे गहाण टाकला. तेव्हा न्यायाधीशांनी असा निर्णय दिला की ज्याला परत करण्याची मोकळीक आहे त्याने खरेदीचा करार केलेला नाही, सबब मालकी मूळ धन्याचीच राहिली. भाडेखरेदीचा सारा कायदा या निर्णयाच्या आधारावर उभा राहिला. आपल्याकडेही १९७२ साली भाडेखरेदीचा अधिनियम संसदेने संमत केला, परंतु तो कधी अंमलात आला नाही आणि २००५ मध्ये निरसित झाला. त्यामुळे हप्त्याने वस्तू घेणाऱ्या सामान्य माणसास जे संरक्षण त्या कायद्याने लाभावयाचे होते ते कागदावरच राहिले, याची खंत वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आरंभीच्या वर्षांत मुदत संपल्यावर मूळ किमतीच्या सुमारे पाच टक्के घेऊन सायकल नोकरास देऊन टाकण्याचा शिरस्ता पडला होता. एक हजार पौंडांची सायकल वर्षभर वापरून पन्नास पौंडांत आपली होत असेल, तर त्या व्यवहाराविषयी कोणीही तक्रार करणार नाही. पण वर्षभर वापरलेल्या चांगल्या सायकलीची बाजारात किंमत पन्नास पौंड नसते, आणि बाजारभावापेक्षा कमी किमतीत मालकाची वस्तू नोकरास मिळाली तर मधला फरक हा वेतनाचाच एक प्रकार होतो, हे ब्रिटनच्या महसूल खात्याच्या ध्यानात आले. त्या खात्याने २०१० मध्ये मूल्यांकनाचा एक तक्ता प्रसिद्ध केला. मूळ किंमत पाचशे पौंडांखाली असलेली सायकल एक वर्षानंतर १८ टक्के, दीड वर्षानंतर १६, दोन वर्षांनंतर १३, तीन वर्षांनंतर ८ आणि चार वर्षांनंतर ३ टक्के मोलाची धरावयाची; पाचशे पौंड वा अधिक किमतीच्या सायकलीस हेच प्रमाण अनुक्रमे २५, २१, १७, १२ आणि ७ टक्के.

या तक्त्याचा परिणाम प्रत्यक्ष हिशेबाने पाहावा. समजा सायकल एक हजार पौंडांची आहे, मुदत बारा महिन्यांची आहे, आणि नोकर वीस टक्के प्राप्तिकर व आठ टक्के विम्याची वर्गणी भरणारा, म्हणजे मध्यम वेतनाचा आहे. दरमहा त्याच्या करपूर्व पगारातून ८३ पौंड ३३ पेन्स कमी होतात, परंतु हातात पडणाऱ्या पगारात घट फक्त साठ पौंडांची येते. वर्षाअखेर त्याने ७२० पौंड दिलेले असतात, आणि २८० पौंड वाचले म्हणून तो समाधानी असतो. आता मुदत संपते. त्याच दिवशी मालकी हवी असेल तर तक्त्याप्रमाणे २५ टक्के, म्हणजे अडीचशे पौंड मोजावे लागतात, आणि एकंदर खर्च ९७० पौंडांवर जातो. वर्षभर कागदपत्रे सांभाळून, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू जपून, त्या गृहस्थाने अखेर तीस पौंड वाचविले! चाळीस टक्के कर भरणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याची वजावट यापेक्षा हलकी पडते, त्याचे ५८० पौंड जातात आणि अडीचशे भरूनही ८३० होतात. ज्याला कमी निकड आहे त्याला अधिक लाभ, अशी ही रचना आहे.

या अडचणीतून मार्ग म्हणून योजना चालविणाऱ्या मध्यस्थ संस्थांनी वाढीव मुदतीची तजवीज काढली. पहिले वर्ष संपल्यावर नोकराने सात टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात सत्तर पौंड, अनामत ठेवावयाचे, पुढील छत्तीस महिने सायकल आणखी काही न देता वापरावयाची, आणि सायकल चार वर्षांची झाली की तिचे तक्त्यातील मूल्य सात टक्केच उरते, सबब ती अनामत किमतीदाखल वळती करून घेऊन मालकी नोकराच्या नावे करावयाची. आणि सायकल नको असेल तर ती परत करून अनामत माघारी घ्यावयाची. या वाटेने मध्यम वेतनाच्या नोकराचा खर्च ७९० पौंडांवर थांबतो. ही वाट मला रास्त वाटते, परंतु तिची किंमत पैशात नसली तरी आहे: चार वर्षे सायकल नोकराची नसते, ती विकता येत नाही, आणि तिची दुरुस्ती व विमा मात्र वापरणाऱ्याच्या माथी असतो. भाड्याच्या मुदतीत सायकल चोरीस गेली तरी उरलेले हप्ते चुकत नाहीत, ही गोष्ट करारनाम्यात लिहिलेली असते व बहुधा कोणी वाचत नाही.

याहून कठीण प्रसंग नोकरी मध्येच सुटण्याचा. वरील उदाहरणातील गृहस्थ पाच महिन्यांनी नोकरी सोडून गेला, तर उरलेल्या सात महिन्यांचे ५८३ पौंड त्याच्या शेवटच्या पगारातून कर कापून झाल्यावरच्या रकमेतून वसूल होतात, म्हणजे त्या भागापुरती करसवलत संपते. आधीचे तीनशे आणि हे ५८३ मिळून ८८३ पौंड झाले. त्यावर एक वर्षाच्या दराने अडीचशे भरून त्याने सायकल घेतलीच, तर ती त्याला ११३३ पौंडांस पडते, म्हणजे दुकानात रोखीने घेतली असती त्यापेक्षा महाग. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण व्हिसाच्या वा बदलीच्या कारणाने त्यांचा मालक वारंवार बदलतो. म्हणून करारनाम्यावर सही करण्यापूर्वी अखेरची रक्कम कोणत्या दराने, कोणाला, केव्हा द्यावयाची आणि नोकरी सुटल्यास बाकी कशी वसूल होणार, एवढे तरी लेखी विचारून घ्यावे, असे मी त्यांच्या आईवडिलांस आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट मनास लागते. वेतनत्यागानंतर नोकराचा पगार कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनाखाली जाता कामा नये, असा तेथे दंडक आहे. हेतू निःसंशय संरक्षणाचा, पण फळ असे की सर्वांत कमी पगाराचा माणूस, ज्याला बसभाडे वाचविण्यासाठी सायकलीची खरी गरज, तोच या योजनेच्या उंबरठ्याबाहेर राहतो. आपल्या खात्यांतील जुनी तसलमात उलट कमी वेतनाच्या नोकरांसाठीच होती.

हे सारे अपरिहार्य होते असेही नाही. आयर्लंडने २००९ साली हीच कल्पना उचलली तेव्हा अखेरच्या रकमेची भानगडच ठेवली नाही. मालक सायकल विकत घेऊन नोकरास देतो, वजावट पगारातून होते, आणि मर्यादा फक्त किमतीची व किती वर्षांनी पुन्हा लाभ घ्यावा याची आहे. जर्मनीत भाड्याची मुदत सामान्यतः छत्तीस महिन्यांची असते, आणि तेथील अर्थमंत्रालयाने २०१७ मध्ये असे ठरविले की तीन वर्षांनंतर सायकलीचे मूल्य मूळ छापील किमतीच्या ४० टक्के धरावे व त्याहून स्वस्त दिल्यास फरकावर कर घ्यावा; तो कर बहुधा भाड्याने देणारी कंपनीच एकरकमी भरून टाकते. तीन वर्षांच्या त्याच सायकलीचे मोल लंडनचा तक्ता १२ टक्के सांगतो.

आणि आपल्याकडे? सायकलीसाठी निराळी योजना नाही, तरी मालकाची वस्तू नोकरास दिल्यास तिचे मूल्य कसे धरावे याचा नियम १९६२ च्या आयकर नियमावलीतील तिसऱ्या नियमाने घालून दिला. त्यात संगणकास दर पूर्ण वर्षामागे पन्नास टक्के घसारा, मोटारीस वीस टक्के, हे दोन्ही घटत्या किमतीवर, आणि इतर सर्व वस्तूंस मूळ किमतीवर दहा टक्के. सायकल यंत्रचलित नसल्याने ‘इतर’ वस्तूंत पडते. तेव्हा कंपनीने वीस हजार रुपयांची सायकल घेऊन दोन वर्षे वापरू दिली आणि मग दोन हजारांस देऊन टाकली, तर नियमाच्या हिशेबी तिचे मूल्य अजून सोळा हजार उरते, आणि चौदा हजार रुपये त्या नोकराचे वेतन समजून त्यावर कर लागतो. बाजारात दोन वर्षांच्या वापरलेल्या सायकलीस सोळा हजार देणारा गिऱ्हाईक कल्याणपासून कर्जतपर्यंत कोणी भेटावयाचा नाही. दहा लाखांच्या मोटारीस हाच नियम तीन वर्षांनी पाच लाख बारा हजारांवर आणून ठेवतो, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. आणि गरिबाच्या वाहनाची किंमत मात्र तेवढ्याच काळात सात दशांश टिकून राहते असे धरतो. सायकलीस वेगळा आणि वास्तवाशी जुळणारा घसारा लावणे हे एका अधिसूचनेचे काम आहे, आणि ऐरोली-ठाण्याच्या ज्या कंपन्यांना आपल्या माणसांनी सायकलीने यावे असे मनापासून वाटते, त्यांनी त्यासाठी अर्थमंत्रालयाकडे मागणी केली पाहिजे.

पुढील लेखांकात विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या भाडेकरारातील बॅटरीची मालकी हा विषय घेऊ.