त्वचेचे रक्षण हवे, रंगाचा न्यूनगंड नको

७ जून २०२३ रोजी कॅनडातील क्विबेकच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि भरदिवसा आकाश नारिंगी झाले. बाबासाहेब ज्या शहरात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथे त्या दिवशी मोकळा श्वास घेणे कठीण झाले होते. आपण मास्क लावले, खिडक्या बंद केल्या. त्वचेचा विचार मात्र फार थोड्यांनी केला.

तो करायला हवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘कॅम्प फायर’ वणव्याचा धूर सुमारे २८० किलोमीटर दूर सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचला. त्या दिवसांत एक्झिमा व खाज यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्यांची संख्या वाढली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. धुरातील पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. त्यांच्यासोबतची रसायने त्वचेचा बाह्य थर दुबळा करतात. ओलावा उडून जातो आणि दाह सुरू होतो.

यावरील उपाय साधे आहेत. बाहेरून आल्यावर सौम्य क्लीन्झरने आणि कोमट पाण्याने चेहरा धुवावा; खसखसून घासू नये. त्वचा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेले, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. दिवसा एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन वापरावे. सावळ्या त्वचेवर डाग पडत असतील, तर आयर्न ऑक्साइडयुक्त टिंटेड सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते. एअरनाऊवरील हवेचा निर्देशांक १५० च्या वर गेला, तर घरात राहणे हे कोणत्याही क्रीमपेक्षा मोठे संरक्षण होय.

‘प्रदूषणरोधक’ या शब्दाला मात्र भुलू नये. अमेरिकेत सनस्क्रीन औषध म्हणून नियंत्रित होते; इतर सौंदर्यप्रसाधनांना, रंगद्रव्ये वगळता, विक्रीपूर्वी एफडीएची मंजुरी लागत नाही.

खरा धोका पुढेच आहे. आपल्या त्वचेवर दाह ओसरल्यावर काळसर डाग मागे राहतात, आणि नेमकी हीच संधी साधून बाजार ‘उजळपणा’ विकतो. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. पण नाव बदलल्याने मानसिकता बदलत नाही. परदेशातून आलेल्या, घटकांची यादी नसलेल्या काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा आढळला आहे. पारा मूत्रपिंड व मज्जासंस्थेला इजा करतो. आईच्या हातातून, टॉवेलमधून तो बाळापर्यंतही पोहोचू शकतो. वेष्टनावर ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’ किंवा ‘कॅलोमेल’ हे शब्द दिसले, तर ती क्रीम तत्काळ बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावी. भारतातून येणाऱ्या नातलगांना अशा क्रीम आणायला सांगू नये.

‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी वर्ण म्हणजे कातडीचा रंग, हा सिद्धांत पुराव्यानिशी नाकारला. तरीही आपल्या घरांत, लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगी जरा सावळी आहे’ हे वाक्य अजून ऐकू येते. शाळेतून परतलेली लेक आरशासमोर उभी राहून आपल्या रंगाबद्दल विचारते, तेव्हा आपण तिच्या हाती काय देतो, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. सनस्क्रीन द्यावे, त्यामागचे विज्ञान समजावून सांगावे. आणि तिच्या रंगात उणे काहीच नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

जय भीम!