घोड्याची भूल : थोडी श्वासातून, थोडी शिरेतून

घोड्याच्या आतड्याचा पीळ सोडवणे किंवा मोडलेले हाड जुळवणे आज पशुवैद्यांना साधते. पण अशा वेळी त्यांना खरी धास्ती असते ती भुलीची. इ. स. २००२ मध्ये एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत भूल दिलेल्या ४१,८२४ घोड्यांची नोंद होती. पोटशूळाचे घोडे वगळले, तरी शंभरांत जवळजवळ एक घोडा सात दिवसांच्या आत दगावला होता. त्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा हृदय बंद पडून, तर सुमारे चौथा हिस्सा हाड मोडल्यामुळे गेला. निरोगी माणसाचा केवळ भुलीमुळे मृत्यू होणे ही मात्र अतिशय विरळा घटना आहे. घोड्याच्याच बाबतीत असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे.

वजन आणि दाब

घोड्याचे वस्तुमान ५०० किलोग्रॅम धरू. त्याचा भार ५०० × ९.८ = ४,९०० न्यूटन होईल. कुशीवर निजवलेल्या घोड्याचा ०.७ चौरस मीटर भाग टेबलाला टेकतो असे मानू. भाराला क्षेत्रफळाने भागले, की दाब येतो ७,००० पास्कल. म्हणजेच पाऱ्याच्या स्तंभाचे सुमारे ५२ मिलिमीटर. हा झाला सरासरी दाब. खांदा आणि पुठ्ठा यांखाली तो याहून जास्त असतो.

स्नायूंतील केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरचा दाब त्याहून वाढला, की या बारीक नळ्या चेपल्या जातात आणि स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. जागा घोडा अंग हलवून सुटका करून घेतो. बेशुद्ध घोड्याला ते शक्य नसते. म्हणून त्याच्याखाली जाड, मऊ गादी घालतात. टेकणारे क्षेत्रफळ वाढते आणि दाब कमी होतो. शिवाय धमन्यांतील सरासरी रक्तदाब ७० मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा दंडक भूलतज्ज्ञ पाळतात.

वाफेची अडचण

लांबलेल्या शस्त्रक्रियेत आयसोफ्लुरेनसारख्या द्रवाची वाफ प्राणवायूत मिसळून श्वासनलिकेत घातलेल्या नळीवाटे देतात. ही वाफ श्वासातून आत जाते आणि बहुतांशी श्वासातूनच बाहेर पडते. त्यामुळे भुलीची खोली हवी तशी कमीजास्त करता येते. हा तिचा मोठा गुण. दोष असा, की तिने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा जोर कमी होतो आणि रक्तदाब उतरतो. भूल जितकी गाढ, तितका दाब कमी.

भुलीच्या वाफेचे माप ‘मॅक’ या एककात सांगतात. फुप्फुसातील ज्या प्रमाणाला, वेदना दिली तरी निम्मे प्राणी हलत नाहीत, ते प्रमाण म्हणजे एक मॅक. घोड्यात आयसोफ्लुरेनसाठी ते सुमारे १.३ टक्के आहे. शस्त्रक्रियेला याहून थोडे अधिक लागते. वाफ कमी केली, तर पाचशे किलोचा प्राणी टेबलावर पाय झाडू लागेल; वाढवली, तर रक्तदाब कोसळेल.

मग सगळी भूल शिरेतूनच का देऊ नये? छोट्या कामांसाठी तसे करतातही. पण शिरेत सोडलेले औषध परत काढून घेता येत नाही. ते यकृताने मोडावे लागते. वेळ लांबला, तर ते शरीरात साचत जाते आणि घोडा नीट शुद्धीवर येत नाही. यातून मधला मार्ग निघाला : वाफ कमी द्यायची आणि उरलेली उणीव शिरेतल्या थेंबांनी भरून काढायची.

थेंबांचे गणित

अशा औषधांपैकी एक आहे लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत हेच औषध टोचतात. घोड्याला ते किलोग्रॅममागे दर मिनिटाला ५० मायक्रोग्रॅम देतात. आपल्या घोड्यासाठी हे झाले मिनिटाला २५ मिलिग्रॅम. दोन टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे मिनिटाला १.२५ मिलिलिटर द्रावण लागेल. सलाईनच्या नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर पडत असेल, तर मिनिटाला २५ थेंब सोडावे लागतील. एवढ्याने वाफेची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते.

तळाला गळती असलेली टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळाची धार सारखी चालू ठेवली, तर आत येणारे आणि गळणारे पाणी समान झाले, की पातळी स्थिर राहते. रक्तातील औषधाचेही असेच असते. पण नुसत्या धारेने पातळी गाठायला फार वेळ लागेल. म्हणून आधी पंधरा मिनिटांत किलोग्रॅममागे २ मिलिग्रॅम औषध देऊन टाकी झटपट भरून घेतात.

केटामिन आणि मेडेटोमिडीन ही औषधेही अशीच वापरतात. मेडेटोमिडीनच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय संथ होते. विजेच्या मंडलात विभवांतर तेवढेच ठेवून रोध वाढवला, तर प्रवाह घटतो. तसेच येथे आहे. मापकावर रक्तदाब चांगला दिसला, तरी स्नायूंना रक्त पुरेसे पोचत असेलच असे नाही.

उठण्याची घडी

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. शुद्ध येऊ लागताच तो उठायची धडपड करतो. त्या वेळी पाय लटपटत असतील, तर तो कोसळतो आणि हाड मोडून बसतो. लिग्नोकेन अंगात उरले, तर तोल सांभाळणे अधिकच कठीण जाते. म्हणून शस्त्रक्रिया संपण्याच्या सुमारे अर्धा तास आधीच त्याचे थेंब बंद करतात. शेवटचा टाका घालून होईपर्यंत टाकीतील पातळी बरीच उतरलेली असते.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. घोड्याऐवजी ३०० किलोग्रॅमचे तट्टू असेल, तर त्याच द्रावणाचे आणि त्याच नळीतून मिनिटाला किती थेंब सोडावे लागतील? (उत्तर : १५)