पैनगंगेच्या पुलावरचं ‘हॅलो’

पांढरकवड्याहून आदिलाबादकडे निघालेल्या गाडीत पाटणबोरी मागे पडली की कुणीतरी फोनवर ओरडू लागतं, ‘हॅलो, आवाज येऊन राह्यला काय?’ पुढे पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणा. नदी ओलांडताना माणूस राज्य बदलतो, तसा त्याचा मोबाइलही महाराष्ट्र-गोवा दूरसंचार सर्कल सोडून आंध्र-तेलंगणाच्या सर्कलमध्ये जातो. बोलणं चालू असतानाच एका टॉवरनं त्याला दुसऱ्याच्या हवाली करायचं असतं. अभियंते याला हँडओव्हर किंवा हँडऑफ म्हणतात. बेल लॅब्जच्या एमॉस जोएल यांना यासाठीच्या स्विचिंगचं पेटंट १९७२ साली मिळालं. चालत्या गाडीतला फोन शक्य झाला तो या युक्तीमुळे.

युक्ती ऐकायला सोपी आहे. आपला फोन सारखा आजूबाजूच्या टॉवरांचा जोर मोजतो आणि नेटवर्कला कळवतो, निर्णय नेटवर्कचा. पण कधी सोडायचं? शेजारचा टॉवर थोडा वरचढ दिसताच उडी मारली, तर पुढच्या वळणावर पुन्हा जुन्याकडे यावं लागतं. या टोलवाटोलवीला ‘पिंग-पाँग’ म्हणतात. म्हणून दोन अटी घालतात. शेजारी ठरावीक फरकानं वरचढ हवा, समजा ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट ताकदीचा. आणि तसा काही काळ टिकायला हवा. फोर-जीमध्ये ही थांबण्याची मुदत शून्यापासून ५.१२ सेकंदांपर्यंत ठेवता येते. ताशी ६० किलोमीटरनं धावणारी एसटी तेवढ्यात ८५ मीटर पुढे जाते. पुण्यातल्या चौकात ८५ मीटर म्हणजे कदाचित तिसरा टॉवर. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलालगत किंवा झरी-जामणीच्या चढउतारांत एखादी टेकडी आडवी येऊन जुना टॉवर पार दिसेनासा व्हायलाही तेवढं पुरतं. त्यामुळे शहरात जमलेला आकडा यवतमाळात जसाच्या तसा चालेल, असं नाही.

सीडीएमए या मोबाइल तंत्राच्या कंपन्यांनी वेगळी वाट धरली होती. २००३च्या सुमारास गावोगावी पोचलेले रिलायन्सचे हँडसेट आठवत असतील. त्या तंत्रात फोन एकाच वेळी दोन टॉवरांशी बोले. नवा हाती आला की मगच जुना सुटे. दोन दगडांवर पाय ठेवणं शहाणपणाचं ठरावं असं हे विरळा उदाहरण. फोर-जी मात्र आधी सोडतं, मग धरतं; मधला खंड सेकंदाचा अगदी लहानसा अंश, कानाला कळूही नये इतका.

मग हँडओव्हर चांगला झाला की वाईट, हे ठरवायचं कसं? फोन, जीपीएस आणि लॅपटॉप घेऊन गाडी रस्त्यानं फिरवतात, तिला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. किती कॉल तुटले, किती वेळा टोलवाटोलवी झाली, आवाजात खंड किती पडला, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. उडीची अट ढिली केली की उशिरामुळे तुटणारे कॉल कमी होतात, टोलवाटोलवी वाढते. एक आकडा सुधारताना दुसरा बिघडतो.

चर्चा मात्र तुटलेल्या कॉलचीच होते. दूरसंचार नियामक ट्रायनं २०१५ साली तुटलेल्या कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये, भरपाईचा नियम केला. सर्वोच्च न्यायालयानं तो २०१६च्या मे महिन्यात रद्द केला. त्याच सुमारास एका तांत्रिक खुबीची चर्चा झाली. जीएसएम या मोबाइल तंत्रात टॉवरचे संदेश कळेनासे झाले की एक मोजणी उलटी सुरू होते. ती शून्यावर आली की कॉल तुटला असं धरतात. ही मोजणी ४पासून ६४पर्यंत चारच्या पटीतल्या कुठल्याही आकड्यावरून सुरू करता येते. ६४ ठेवली, तर आवाज मेल्यानंतरही कॉल अर्धा मिनिट ‘जिवंत’ राहतो. इतका वेळ धीर धरतो कोण?

पाटणबोरीच्या पुढे वैतागलेला प्रवासी स्वतःच लाल बटण दाबतो आणि पुन्हा नंबर लावतो. नोंदीत तुटलेला कॉल एकही नसतो; उलट दोन कॉल सुरळीत पार पडलेले दिसतात.