पडलेल्या दाताची जागा

तुमच्या घरी दादी किंवा नानी असतील. त्यांचे पुढचे दात पडले असतील, तर त्या ‘फजर’ हा शब्द कसा उच्चारतात ते नीट ऐका. उर्दूतील ‘फे’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. दातच नसले, तर नुसती हवा निसटते. म्हणजे दात केवळ चावण्यासाठी नसतात.

आपला गोंदिया जिल्हा भाताचा. मऊ भात आणि वरण दातांवाचूनही गिळता येते. त्यामुळे “या वयात आता दात कशाला?” असे म्हणून काही वडीलधारी माणसे वर्षे काढतात. पण भाजलेले चणे, पेरू, तळ्यातले शिंगाडे त्यांच्या ताटातून हळूहळू नाहीसे होतात.

तोंडातही नुकसान होत असते. चावताना दाताखालच्या हाडावर रोज दाब पडतो. दात गेला की तो दाब थांबतो आणि हाड झिजू लागते. म्हणून तोंडाचे बोळके झाले की गाल आत जातात. शेजारचे दातही मोकळ्या जागेकडे कलतात.

यावर एक जुना आणि स्वस्त उपाय कवळीचा. ती हिरडीवर बसते व काढता-घालता येते. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. पाणी उकळते मात्र नको, त्याने तिचा आकार बिघडतो. हाड झिजत गेले की कवळी सैल होते आणि जेवताना हलते. सैल कवळी डबीत ठेवून देणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील! खरे तर दंतवैद्याकडून ती पुन्हा नीट बसवून घेता येते.

दुसरा उपाय ब्रिजचा, म्हणजे पुलाचा. पुलाला खांब लागतात. तसे मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात, त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला कृत्रिम दात त्या टोप्यांना जोडलेला असतो. हा दात पक्का बसतो. पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात.

तिसरा उपाय इम्प्लांटचा. त्याची गोष्ट मजेदार आहे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील डॉक्टर ब्रोनेमार्क हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूचे एक छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर ते निघेना! हाड धातूशी एकजीव झाले होते. १९६५ मध्ये त्यांनी एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. पुढे त्यांवर बसवलेले दात त्या माणसाने सुमारे ४० वर्षे वापरले.

आजही रीत तीच आहे. साधारण १ सेंटिमीटर लांबीचा स्क्रू हाडात बसवतात, बहुधा ३ ते ६ महिने थांबतात आणि हाड जुळले की वर दात बसवतात. खर्च मात्र बराच येतो. मधुमेह आटोक्यात नसेल, तर हाड जुळायला अडचण येते. विडी ओढणाऱ्यांचेही तसेच. तेंदूपत्त्याच्या आपल्या जिल्ह्यात हे बोलणे जरा अवघड आहे, पण खरे आहे. खर्रा तर असलेले दात आणि हिरड्याही बिघडवतो.

गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर आहे. तेथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. कोणता उपाय कोणाला योग्य, हे तपासणीनंतर दंतवैद्यच सांगू शकतात.

तुमच्या वयात मात्र इम्प्लांट करत नाहीत. तुमचा जबडा अजून वाढत असतो. स्क्रू वाढत नाही. मग क्रिकेट खेळताना चेंडू लागून पक्का दात मुळासकट निघाला तर? तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाकडून उचला. माती लागली असेल, तर क्षणभर धुवा, घासू नका. कपभर दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे जा. अर्ध्या तासाच्या आत पोहोचलात, तर तोच दात पुन्हा रुजण्याची आशा चांगली असते. लहान भावाचा दुधाचा दात पडला, तर ही धावपळ नको. तो परत बसवत नाहीत.