आपट्याची मुलगी इन्व्हेस्टमेंट बँकेत : दोन महिन्यांची इंटर्नशिप आणि चौथीचं गणित



मागच्या उन्हाळ्यात आमच्या आपट्यातल्या एका मुलीने मुंबईत दोन महिने इन्व्हेस्टमेंट बँकेत इंटर्नशिप केली. चौथीत ती माझ्या वर्गात होती, आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावात बातमी पसरली ती "पोरगी बँकेत लागली" अशी. तिची आई वाटेत भेटली तर म्हणाली, "बाई, बँकेत जाते म्हणते, पण शाखा कुठली ते काही सांगत नाही." खरं सांगते, तेव्हा मलाही उत्तर देता आलं नसतं. डी.एड.ला हे कोण शिकवतं! म्हणून ती परत आल्यावर तिला घरी बोलावलं आणि मीच वही घेऊन बसले.

पहिली गोष्ट, या बँकेत पासबुक नसतं की पैसे भरायची खिडकी नसते. एखाद्या कंपनीला कारखाना वाढवायला मोठी रक्कम हवी असते, किंवा दुसरी कंपनी विकत घ्यायची असते. त्यासाठी कागदपत्रं तयार करणं, किंमत ठरवायला मदत करणं आणि पैसे गुंतवणारे शोधणं हे काम इन्व्हेस्टमेंट बँक करते आणि त्याची फी घेते. शेअर विक्रीचं काम पाहणाऱ्यांना सेबीच्या नियमांत 'मर्चंट बँकर' म्हणतात.

आपल्या ओळखीचं उदाहरण एलआयसीचं. मे २०२२ मध्ये सरकारने एलआयसीमधला आपला ३.५ टक्के हिस्सा लोकांना विकला. रक्कम होती सुमारे २१ हजार कोटी रुपये, आणि हे काम सांभाळायला दहा बँका होत्या. शेअरची किंमत ठरली ९४९ रुपये. पॉलिसीधारकांना ६० रुपयांची सवलत, म्हणजे ८८९ रुपये. आपल्या शिक्षक मंडळींपैकी कित्येकांनी तेव्हा अर्ज भरले होते. १७ मे रोजी मुंबई शेअर बाजारात व्यवहार सुरू झाला तो ८६७ रुपये २० पैशांना. १५ शेअरचा एक गट घेतलेल्या पॉलिसीधारकाला सवलत धरूनही त्या क्षणी ३२७ रुपयांचा तोटा दिसत होता. दहा बँकांनी बसून काढलेली किंमतसुद्धा शेवटी अंदाजच असतो, हे इथे कळतं.

मग तो अंदाज काढतात कसा? एक रीत तर पनवेल तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेजारची जमीन गुंठ्याला काय भावाने गेली त्यावरून आपल्या जमिनीचा भाव सांगायचा. कंपन्यांचंही तसंच. त्याच धंद्यातल्या कंपन्या नफ्याच्या किती पटीला विकल्या जातात ते पाहतात. दुसरी रीत आंब्याच्या बागेची. पुढची इतकी वर्षं किती उत्पन्न येईल ते मांडायचं आणि त्याची आजची किंमत काढायची. दर १० टक्के धरला तर वर्षाने मिळणारे ११० आणि दोन वर्षांनी मिळणारे १२१, दोन्ही आजच्या १०० रुपयांबरोबर. आपलं चक्रवाढ व्याजच, फक्त उलट्या दिशेने.

निवडीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, "कंपनीचा घसारा १० रुपयांनी वाढला तर काय काय बदलेल?" कर २५ टक्के धरा. नफा साडेसात रुपयांनी कमी होतो, कारण कर अडीच रुपये वाचतो. घसाऱ्यात रोख रक्कम खर्च होत नाही, त्यामुळे हातातली रोकड उलट अडीच रुपयांनी वाढते. ताळेबंदात यंत्रांची किंमत १० ने कमी, रोकड अडीचने जास्त, म्हणजे एका बाजूला साडेसात कमी. दुसऱ्या बाजूला नफा साडेसात कमी. जमलं! मी दोनदा कागदावर मांडल्यावर मला पटलं, तिने मुलाखतीत तोंडी सांगितलं.

पण रोजचं काम इतकं चटकदार नसतं. दिवसभर एक्सेलचे तक्ते, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि माहितीपत्रकाच्या मसुद्याची शेकडो पानं. मसुद्यातल्या प्रत्येक आकड्याला पुरावा लागतो. तो कुठल्या कागदावरून आला ते दाखवावं लागतं. (असे मसुदे सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. एखादा उघडून पाहाच.)

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या हातून चूक झाली. सहा कंपन्यांच्या तुलनेचा तक्ता होता, आकडे दशलक्षात. त्यातल्या एका कंपनीचा अहवाल लाखांत होता. तिने ४५२.३ हा आकडा तसाच उचलून ठेवला. खरं तर ४५२.३ लाख म्हणजे ४५.२३ दशलक्ष. छोटीशी कंपनी एकदम दहापट मोठी झाली! वरिष्ठांनी सगळ्यांदेखत विचारलं, "चौथी पास आहेस ना?" ती बाथरूममध्ये जाऊन रडली. हे ऐकताना मला जरा अपराधी वाटलं, कारण चौथीला तिची बाई मीच होते.

"मग काय केलंस गं?"

"बाई, तुम्ही वजाबाकीचा ताळा करायला लावायचात ना, तसं सुरू केलं. प्रत्येक आकडा उलटीकडून तपासायचा."

शेवटच्या आठवड्यात तिला मसुद्यात एका ठिकाणी कामगार ४१२ आणि दुसऱ्या ठिकाणी ४२१ सापडले. फरक ९. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने भाग जातो, ही हिशेबनिसांची जुनी खूण आहे. वर्गात हा खेळ जरूर घ्या, मुलांना जादू वाटते.

आता पालकांसाठी, कारण ही बाजू कोणी सांगत नाही. सकाळी साडेनऊला कामाला सुरुवात, निघायला रात्रीचे अकरा, कधी बारा. आपट्याला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, तेव्हा रोज घरी येणं शक्यच नव्हतं. मानखुर्दला मावशी आहे म्हणून निभावलं. महिना १५ हजार मिळाले. खोली भाड्याने घेतली असती तर त्यातून काही उरलं नसतं. ज्यांची मुंबईत मावशी नाही अशा मुलांनी काय करायचं? हुशारीइतकीच राहण्याची सोयही दार उघडते, आणि मला हे रास्त वाटत नाही.

कामाच्या तासांबद्दल मुलांना स्पष्ट विचारा. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला मोरिट्झ एरहार्ट हा २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी अशाच इंटर्नशिपच्या अखेरीस खोलीत मृत सापडला. चौकशीत कारण अपस्माराचा झटका असं निघालं. तो थकव्याने आला असू शकेल, पण तसा पुरावा नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर या धंद्यातल्या तासांची जगभर चर्चा झाली. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने इंटर्न मुलांना मध्यरात्री ते सकाळी सात कार्यालयात थांबायला मनाई केली. म्हणजे सतरा तासांची मुभा राहिलीच!

तिला अजून नोकरीचं पत्र आलेलं नाही. आई म्हणते, "नकोच ते, पोरगी सुकून आली." वडील रसायनीत कंत्राटी कामाला आहेत, ते म्हणतात, "बघू." तिला स्वतःला जायचं आहे.

जुलैत ती शाळेत आली होती. पाचवीच्या फळ्यावर तिने ४५२३०००० लिहिलं आणि म्हणाली, "स्वल्पविराम द्या." बहुतेकांनी ४,५२,३०,००० केलं. एका मुलाने घरच्या मोबाइलवर पाहिलं होतं तसं ४५,२३०,००० लिहिलं. सगळे "चूक, चूक" ओरडले. तो हट्टाने म्हणाला, "मोबाइल कसा चुकेल?" कोणाचं बरोबर, यावर मधली सुट्टी होईपर्यंत भांडण चाललं, आणि मीही ते चालू दिलं.