बंद दरवाजा आणि भाषाप्रतिमान

रायगडाच्या पायथ्याशी, जेथून आज गडाचा रज्जुमार्ग निघतो, तेथे हिरकणीवाडी आहे. तिला जिचे नाव आहे त्या गवळणीची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दूध विकावयास गडावर गेलेल्या हिरकणीला उशीर झाला, दरवाजे बंद झाले, आणि घरच्या तान्ह्या मुलासाठी ती अंधारात कडा उतरून गेली. कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. तिच्यावर शाब्दिक साहसखेळ रचावयाचा झाल्यास मात्र एक गोष्ट सांभाळावीच लागते, ती ही की दरवाजा उघडता कामा नये.

शाब्दिक साहसखेळात चित्रे नसतात. संगणक स्थळाचे वर्णन करतो, खेळणारा आज्ञा लिहितो, आणि संगणक तिचा परिणाम सांगतो. या प्रकाराचा आरंभ १९७६ च्या सुमारास विल क्राउदर या अमेरिकन आज्ञावलीकाराने केला. केंटकीतील मॅमथ गुहेत तो स्वतः हिंडलेला होता; तीच त्याने शब्दांनी उभी केली. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्या खेळाचा विस्तार केला. आज्ञा एकदोन शब्दांची असे. आधी क्रियापद, मग वस्तू. इंग्रजीस हे मानवले, कारण तेथे नामाला विभक्तीची रूपे जवळजवळ नाहीत. मराठीत ही पद्धती पहिल्याच पावलाला अडखळते. 'कडा' हाच शब्द घ्यावा. त्याचे सामान्यरूप 'कड्या'. दाराच्या कडीचे अनेकवचनही 'कड्या'. त्याचे स्वतःचे अनेकवचन 'कडे'. हातातील दागिना 'कडे', आणि 'दरवाजाकडे' यातील शब्दयोगी अव्ययही तेच. शिवाय घागर 'उचलली', भांडे 'उचलले', दोर 'उचलला'. म्हणजे उत्तर देणाऱ्या यंत्रास प्रत्येक वस्तूचे लिंग ठाऊक हवे.

भाषाप्रतिमानांनी ही अडचण बव्हंशी दूर केली. २०१९ मध्ये निक वॉल्टन याने जीपीटी-२ या प्रतिमानावर 'एआय डंजन' हा खेळ उभारला, आणि ठरीव आज्ञांचे बंधन सुटले. आजच्या प्रतिमानास 'जरा कड्यावरून वाकून बघते' असे घरगुती मराठीही कळते. खेळणारी स्त्री आहे हेही त्या 'बघते'वरून उमगते.

परंतु तीच खेळणारी लिहिते : 'पहारेकऱ्याच्या हातावर दुधाचे पैसे ठेवते आणि तो दिंडी उघडतो.' प्रतिमान बहुधा निमूटपणे दिंडी उघडते. आधीच्या मजकुरावरून पुढे काय येणे संभवनीय आहे एवढेच ते ठरवीत असते, आणि दिंडी उघडल्याचे तर आताच सांगून झाले आहे. हिरकणी दोन ओळींत घरी पोचते. वाक्ये निर्दोष, कथा मात्र संपली.

येथे अर्थभेदाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या व्याकरणात जुनाच आहे. जुन्या खेळांत केवळ आज्ञार्थ चालत असे. 'दार उघड' ही मागणी आहे, ती नाकारता येते. 'तो दार उघडतो' हा स्वार्थ आहे. त्यात घटना घडल्याचे विधान आहे. मुक्त भाषेबरोबर खेळणाऱ्यास विधान करण्याचा अधिकार नकळत मिळाला. 'ठेवते' ही हिरकणीची कृती होय. 'उघडतो' हे सांगणे तिच्याकडे नाही.

यावर उपाय श्रमविभागणीचा आहे. दरवाजा, वेळ, हिरकणी कड्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ही सारी नोंद साध्या आज्ञावलीने ठेवावी. प्रतिमानाने खेळणाऱ्याच्या वाक्यातून केवळ प्रयत्न वेचून काढावा, निवाडा आज्ञावलीने द्यावा, आणि त्याचे कथन पुन्हा प्रतिमानाकडे सोपवावे. नोंद वेगळी ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. प्रतिमानाच्या पुढ्यात एका वेळी मर्यादितच मजकूर मावतो, आणि पुष्कळ प्रतिमाने देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे करतात. त्यामुळे आरंभी सांगितलेला बंद दरवाजा मराठी खेळात लवकर विस्मरणात जातो.

नकार मात्र प्रतिमानानेच बोलावा. जुना खेळ दरवेळी एकच ठराविक ओळ फेकीत असे. येथे पहारेकरी कधी दरडावील, कधी 'बाई, हुकूम नाही' म्हणून मान फिरवील. पण दयेच्या भरात तो 'पहाटेआधी सोडतो' असे बोलून गेला, तर त्या वचनाची नोंद कोठेच नसते, आणि खेळणारी दाराशीच बसून राहते. तेव्हा खेळणारीच्या वाक्यांइतकीच पहारेकऱ्याची वाक्येही नोंदीशी ताडून पाहावी लागतात.