सोयाबीनचं भजं : जावा बेटावरचं मेंदोआन

ताईंनो, सोयाबीन आपण पोत्यानं विकतो, पण घरच्या ताटात किती येतं? इंडोनेशियात, मध्य जावातल्या बान्युमास जिल्ह्यात, त्याचंच भजं आवडीनं खातात. त्याला मेंदोआन म्हणतात.

त्यासाठी आधी टेंपे लावतात. सोयाबीन भिजवून, सालं काढून, शिजवून, कोरडं करून गार करतात. त्यात खास खाद्य बुरशीचं विरजण मिसळून केळीच्या पानात बांधतात. दीड-दोन दिवसांत दाणे एकमेकांना धरून पांढरी वडी तयार होते. अशी पातळ वडी धणे, लसूण, कांद्याची पात घातलेल्या पिठात बुडवून तळतात. ‘मेंदो’ म्हणजे अर्धकच्चं. म्हणून ती मऊ असतानाच काढतात आणि हिरव्या मिरचीबरोबर खातात.

१०० ग्रॅम टेंपेत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात. आंबवल्यामुळे ते पचायलाही सोपं. पण तळलं की तेल आलंच, म्हणून मेंदोआन कधीमधीच बरं. तिकडे टेंपे भाजी-रश्शातही घालतात. लेकरांच्या रोजच्या ताटासाठी तीच रीत चांगली.

गटात करून बघायचं असेल, तर विरजण खात्रीच्या ठिकाणाहूनच आणा. शिळ्या अन्नावरची बुरशी कधीही वापरू नका; तिनं विषबाधा होऊ शकते.